संपत्तीची विश्वस्त : संत कॅथरीन ड्रेक्सेल

३ मार्च हा संत कॅथरीन ड्रेक्सेल यांचा स्मरणदिन. आपल्या धर्मग्रामांत हे नाव फारसे परिचित नाही. त्यांच्या नावाची नोव्हेना आपल्याकडे होत नाही आणि सणही नाही. मात्र आपल्या शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे ज्या देणग्यांवर उभी राहिली, त्या देणग्यांचा विचार करताना या संत स्त्रीचे जीवन अवश्य डोळ्यांसमोर आणावे. देणगी देणारा हात थांबला म्हणजे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जितक्या स्पष्टपणे उभा राहिला, तितका क्वचितच कोणाच्या आयुष्यात राहिला असेल.

कॅथरीनचा जन्म २६ नोव्हेंबर १८५८ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. वडील फ्रान्सिस अँथनी ड्रेक्सेल हे नामवंत पेढीचे मालक होते. जन्मानंतर सुमारे पाच आठवड्यांतच आई हॅना मरण पावली. १८६० साली वडिलांनी एमा बूव्हिए यांच्याशी विवाह केला आणि १८६३ साली धाकटी लुईझ जन्मली. थोरली एलिझाबेथ, मधली कॅथरीन आणि धाकटी लुईझ अशा या तीन बहिणींत सख्खे-सावत्र असा भेद कधीच झाला नाही. याचे श्रेय एमाबाईंना द्यावे लागेल.

दानाचा पहिला धडाही एमाबाईंनीच दिला. आठवड्यातून दोनतीन दिवस ड्रेक्सेल घराचे दार गोरगरिबांसाठी उघडले जाई. कपडे, अन्न, औषधे आणि घरभाड्याचे पैसे तेथे वाटले जात व तिन्ही मुली हाताखाली असत. उन्हाळी निवासस्थानी त्या मुली कामगारांच्या मुलांना धर्मशिक्षण देत. पुढे एमाबाईंना कर्करोग झाला. तीन वर्षांच्या आजारपणात कॅथरीनने त्यांची शुश्रूषा केली. पैशाने वेदनेपासून सुटका विकत घेता येत नाही, हे त्या तरुणीला तेव्हा उमगले. १८८३ साली एमाबाई गेल्या आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये वडीलही गेले.

वडिलांचे मृत्युपत्र थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्याच्याभोवतीच फिरते. मिळकत सुमारे एक कोटी पंचावन्न लाख डॉलर्सची होती. त्यातील साधारण एक दशांश रक्कम विविध धर्मादाय संस्थांना लगेच द्यावयाची होती. उरलेली सर्व रक्कम विश्वस्त निधीत राहावी, मुलींना तिचे फक्त उत्पन्न मिळावे आणि मुद्दलाला कोणी हात लावू नये, अशी व्यवस्था होती. धनाच्या लोभाने येणाऱ्या नवरदेवांपासून मुलींचे रक्षण व्हावे, हा त्यामागचा हेतू. मुलींना अपत्ये झाली तर मुद्दल त्यांच्याकडे जाणार होते. तिघीही निपुत्रिक राहिल्या, तर शेवटच्या मुलीच्या मृत्यूनंतर ते पहिल्याच धर्मादाय संस्थांना जावे, असे कलम होते. सावध पेढीवाल्याचे हे मृत्युपत्र होते. आपली एक कन्या धर्मभगिनी होऊन नवा संघ स्थापन करील, ही कल्पना त्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते.

त्याच वर्षी बिशप मार्टिन मार्टी आणि फादर जोसेफ स्टीफन या बहिणींकडे आले. अमेरिकेतील मूळ आदिवासींची दैना त्यांनी सांगितली आणि शाळांसाठी मदत मागितली. बहिणींनी मदत दिलीच, शिवाय १८८७ व १८८८ साली त्या स्वतः पश्चिमेकडील राखीव प्रदेशांत जाऊन आल्या. १८८७ सालीच सांता फे येथे कॅथरीनच्या पैशातून आदिवासी मुलांची शाळा उभी राहिली. पण इमारती बांधल्या तरी त्यांत राहून सेवा करणारी माणसे मिळेनात. त्याच वर्षी रोममध्ये पोप लिओ तेरावे यांच्या भेटीत तिने मिशनरी पाठविण्याची विनंती केली. तेव्हा तू स्वतःच मिशनरी का होत नाहीस, असे पोपमहोदयांनी तिला सुचविले. ती तेथून रडतच बाहेर पडली, असे सांगतात. तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक, ओमाहाचे बिशप जेम्स ओ'कॉनर, यांना तिने संन्यास घेणे प्रथम पसंत नव्हते. अखेर १८८८ साली त्यांनी संमती दिली. १८८९ मध्ये ती पिट्सबर्गच्या मर्सी भगिनींच्या नवशिक्यालयात दाखल झाली आणि १२ फेब्रुवारी १८९१ रोजी तिने व्रते घेतली. त्या दिवशी सिस्टर्स ऑफ द ब्लेसेड सॅक्रामेंट हा संघ सुरू झाला. आदिवासी व कृष्णवर्णीय बांधवांची सेवा हे त्याचे ध्येय होते.

मदर कॅथरीन यांचे काम सर्वांना रुचले असे नाही. मातृगृहाच्या कोनशिलेच्या वेळी जागेजवळ डायनामाइटची कांडी सापडली होती. नॅशव्हिल येथे कृष्णवर्णीय मुलींच्या शाळेसाठी १९०५ साली मध्यस्थामार्फत जागा घेतल्यावर मूळ मालकाने वृत्तपत्रांतून गहजब केला, पण शाळा झालीच. १९२२ साली टेक्सासमधील बोमाँट येथे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेने त्यांचे चर्च उडवून देण्याची धमकी दिली. एखाद्या चर्चला पैसे देताना मदर कॅथरीन आपली अट घालीत असत. कृष्णवर्णीय भाविकांना मागच्या बाकांवर किंवा माडीवर न लोटता गोऱ्यांच्या बरोबरीने जागा मिळाली पाहिजे, ही ती अट. देणगीदाराने अटी घालू नयेत असे आपण एरवी म्हणतो. संगमरवरी फलकावर नाव कोरण्याची अट आणि ही अट यांतील फरक मात्र आपल्या ध्यानात यावा.

आदिवासींच्या मिशन शाळांना सरकार विद्यार्थ्यामागे अनुदान देत असे. १९०० साली ते बंद झाले आणि अनेक शाळांचा भार मदर कॅथरीन यांच्या उत्पन्नावर पडला. दक्षिणेत अडचण वेगळी होती. शाळा उघडता येत, पण शिक्षक कोठून आणायचे? कृष्णवर्णीयांना कॅथलिक महाविद्यालयांची दारे बहुतेक बंदच होती. म्हणून १९१५ साली न्यू ऑर्लिन्स येथे एका जुन्या महाविद्यालयाची इमारत घेऊन त्यांनी माध्यमिक शाळा सुरू केली. १९१७ साली तेथे अध्यापक वर्ग सुरू झाले, १९२५ साली महाविद्यालय आले आणि १९२७ साली औषधनिर्माणशास्त्राचा विभाग. या संस्थेला त्यांनी आपले नाव दिले नाही. ज्यांचे पवित्र शरीर जुन्या गोव्यात आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाने ती आज झेवियर विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तेथून शिकून निघालेले तरुण-तरुणी लुइझियानाच्या खेड्यापाड्यांत शिक्षक म्हणून गेले. औषधनिर्माते आणि डॉक्टर होणारेही तेथूनच पुढे गेले.

कर आकारणीचा एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. आयकराचे दर वाढले तेव्हा त्यांच्या दानाचा मोठा हिस्सा सरकारजमा होऊ लागला. १९२४ साली अमेरिकन काँग्रेसने कायद्यात तरतूद केली. जी व्यक्ती सतत दहा वर्षे उत्पन्नाचा नऊ दशांशांहून अधिक भाग दान व करात देत आली असेल, तिला दानावर मर्यादेविना करसवलत मिळावी. ही तरतूद फिलाडेल्फियाच्या नन्‌साठी केलेली म्हणूनच ओळखली जाई.

इतकी मिळकत हाती असलेली ही बाई स्वतः मात्र झिजलेली पादत्राणे पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरी. पेन्सिलीचा शेवटचा तुकडाही त्या टाकीत नसत आणि रेल्वेचा प्रवास साध्या डब्यातून करीत. १९३५ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १९३७ मध्ये त्यांनी संघप्रमुखपद सोडले आणि पुढील अठरा वर्षे मातृगृहातील खोलीत, पवित्र साक्रामेंताच्या सान्निध्यात काढली. एलिझाबेथ १८९० सालीच बाळंतपणात, बाळासह, मरण पावली होती. लुईझही कॅथरीन यांच्या आधी निपुत्रिक वारली. त्यामुळे निधीचे सारे उत्पन्न आता एका वृद्ध, आजारी स्त्रीच्या श्वासावर अवलंबून होते. तो श्वास थांबला की शाळांचा झरा आटणार, हे त्यांच्या भगिनी जाणून होत्या.

३ मार्च १९५५ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, मदर कॅथरीन यांनी देह ठेवला. हयातीत त्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर्स दिले, असे मानले जाते. मृत्युपत्रातील कलमानुसार मुद्दल १८८५ सालच्या यादीतील संस्थांना गेले. त्या यादीत त्यांचा संघ नव्हता, कारण तेव्हा तो जन्मलाच नव्हता. ज्यांच्यासाठी सत्तर वर्षे पैसा वाहिला, त्यांच्या वाट्याला त्यानंतर एक पैही आली नाही. त्यांनी वेळीच स्वतंत्र कायम निधी उभारायला हवा होता, असे एक व्यवस्थापक म्हणून मलाही वाटते. पण समोर शाळेविना बसलेली मुले असताना पैसा पेढीत साठवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्यांच्या कार्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. आदिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांच्या व्यवस्थेत मिशन शाळाही सामील होत्या, आणि अमेरिकेच्या बिशपांनी २०२४ साली त्याबद्दल क्षमा मागितली. मदर कॅथरीन यांच्या संघातही अनेक वर्षे कृष्णवर्णीय युवतींना प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय भगिनींच्या आधीच्या संघांची पाखरे आपण ओढून घेऊ नयेत, हे त्याचे कारण दिले जाई. ते पुरेसे होते असे आज वाटत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांना संतपदी चढविले. त्यासाठी मान्य झालेले दोन्ही चमत्कार कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बरे होण्याचे होते. संघातील भगिनींची संख्या घटली. सांता फेची शाळा १९९८ साली बंद झाली. मातृगृह विक्रीस निघाले आणि २०१८ साली त्यांचे अवशेष फिलाडेल्फियाच्या कॅथेड्रलमध्ये हलविण्यात आले. झेवियर विद्यापीठ चालू आहे, आणि तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढण्याची घोषणाही झाली आहे.