शिंद्यांच्या फौजेतला सिकंदरसाहेब

दिल्लीत स्थायिक झालेल्या आपणा मराठी मंडळींना पानिपत ठाऊक असते आणि महादजी शिंद्यांचे नावही आपण अभिमानाने घेतो. परंतु त्याच शिंदेशाहीच्या फौजेत घडलेल्या एका पुरुषाची वास्तू काश्मिरी दरवाजाजवळ उभी आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे, भव्य घुमटाचे सेंट जेम्स चर्च ही ती वास्तू, आणि ती उभारणारा पुरुष म्हणजे कर्नल जेम्स स्किनर. इंग्लंडमधील एखाद्या खेड्याचा इतिहास जाणून घ्यायचा, तर अभ्यासक प्रथम तेथील चर्चमध्ये जातात. ते बांधणारा जमीनदार, बाप्तिस्मा-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या, अंगणातील कबरी यांतून गावाची कथा उलगडते. काश्मिरी दरवाजाचे हे चर्चही असेच वाचण्याजोगे आहे. आणि त्यातील काही पाने आपली आहेत.

स्किनरचा जन्म 1778 मध्ये झाला. वडील हर्क्युलिस स्किनर हे कंपनी सरकारच्या फौजेतील स्कॉटिश अधिकारी, तर आई रजपूत जमीनदाराची कन्या. मुलींना इंग्रजी पद्धतीच्या शाळेत पाठविण्याचा आग्रह वडिलांनी धरला, तेव्हा पडदा मोडणे म्हणजे कुळाची अब्रू जाणे, असे मानून या मातेने 1790 मध्ये प्राणत्याग केला. दोन संस्कृतींच्या सीमेवर जन्मलेल्या त्या बाराएक वर्षांच्या मुलाला ही सीमा किती धारदार असते, याचा अनुभव असा घरातच आला.

पुढे कलकत्त्यात एका छापखान्यात सात वर्षांच्या उमेदवारीसाठी त्याला ठेवले. तिसऱ्याच रात्री तो भिंत ओलांडून पळाला आणि काही दिवस बाजारात हमाली करून त्याने पोट भरले. त्याला शिपाईगिरीची ओढ होती. परंतु ज्यांची आई हिंदी, अशांना कंपनीच्या फौजेत अधिकारपद मिळण्याचे दार त्याच सुमारास बंद झाले होते. पित्याच्या लोकांनी जे नाकारले, ते मराठ्यांनी दिले. 1795 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, द बॉयनने उभारलेल्या शिंद्यांच्या कवायती फौजेत तो दाखल झाला. महादजी आदल्याच वर्षी वारले होते व दौलतराव गादीवर होते. येथेच स्किनर लढाई शिकला आणि येथेच त्याचे नाव झाले.

1800 च्या सुमारास राजपुतान्यात उनियाऱ्याजवळ झालेल्या लढाईत तो गोळी लागून कोसळला व जखमींमध्ये पडून राहिला. रात्री थंडी आणि दिवसा तहान, अशा अवस्थेत, वाचलो तर ईश्वराचे मंदिर बांधीन, असा नवस त्याने केला. अखेर चांभार जातीची एक वृद्धा आणि तिच्यासोबतचा म्हातारा भाकरी-पाणी घेऊन आले. शेजारी पाय गमावून पडलेल्या रजपूत सुभेदाराने जातीच्या अभिमानापायी त्या पाण्याला स्पर्श केला नाही. स्किनर मात्र ते प्याला. पुढे त्याने त्या स्त्रीला आई मानून एक हजार रुपये पाठविले. या प्रसंगात त्याचा स्वभाव जसा दिसतो, तसा कोणत्याही विजयात दिसत नाही, असे आम्हांस वाटते.

1803 मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटले. शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना कमी केले. आपण शिंद्यांशी एकनिष्ठ राहू, असे स्किनरने परोपरीने सांगूनही त्याला जावे लागले. नाइलाजाने तो लॉर्ड लेकच्या छावणीत गेला. परंतु जुन्या धन्याविरुद्ध शस्त्र धरणार नाही, ही अट त्याने घातली. 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांची फौज हरली आणि दिल्लीवरील मराठी सत्ता संपली. त्या रणाचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. पेराँचे जे घोडेस्वार इंग्रजांकडे आले, त्यांनी आपला नायक म्हणून स्किनरचीच निवड केली. शिंद्यांविरुद्ध लढणार नाही, हीच त्यांचीही अट होती. पिवळ्या अंगरख्यांचे हे पथक पुढे नामांकित झाले, आणि भारतीय सैन्यात स्किनर्स हॉर्स या नावाने ते आजही आहे. पोटासाठी चाकरी बदलली, तरी खाल्ल्या मिठाचे भान सुटले नाही, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लोक त्याला सिकंदरसाहेब म्हणत. हांसी येथे त्याची छावणी, बुलंदशहराकडील बिलासपूरला जहागीर आणि दिल्लीत हवेली होती. तो फारसी उत्तम लिही. हिंदुस्थानातील जाति-जमातींची माहिती देणारा तशरीह-उल-अक्वाम हा त्याचा सचित्र फारसी ग्रंथ 1825 चा. पुढच्याच वर्षी त्याने नवसाचे चर्च बांधावयास घेतले. खर्च सुमारे पंचाण्णव हजार रुपये झाला आणि तो सर्व त्याने स्वतः सोसला. 21 नोव्हेंबर 1836 रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चची प्रतिष्ठापना केली. तत्पूर्वी 1835 मध्ये त्याचा जिवलग स्नेही विल्यम फ्रेझर याचा दिल्लीत खून झाला. त्याला स्किनरने याच अंगणात विसावा दिला.

4 डिसेंबर 1841 रोजी हांसी येथे स्किनर निवर्तला. पुढील महिन्यात त्याचे शव दिल्लीस आणून वेदीनजीक पुरण्यात आले. 1857 च्या संग्रामात घुमटावरील क्रूस आणि गोल यांची गोळ्यांनी चाळण झाली. परंतु वास्तू टिकली. 1931 मध्ये नव्या दिल्लीत कॅथीड्रल होईपर्यंत व्हाइसरॉय येथेच उपासनेस येत.

ज्याला कोणीच पुरते आपले म्हटले नाही, त्याने या नगरीला आपले म्हटले आणि तिला काहीतरी कायमचे देऊन गेला. महाराष्ट्रापासून दूर, दोन भाषांत मुले वाढविणाऱ्या आपणा कुटुंबांना याचे मोल निराळे सांगावयास नको. घर जन्माने लाभते, तसेच ते कर्तव्याने आणि कृतज्ञतेनेही उभारता येते. मुलाबाळांसह एकदा काश्मिरी दरवाजास जावे, त्या शांत अंगणात थोडे थांबावे, आणि ही कथा मराठीतून त्यांना सांगावी, एवढीच आमची विनंती.