मृत्यूच्या आकड्यांमागील रुग्ण

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. रुग्णालयातील मृत्यूंचा हिशेब न्याय्य रीतीने व्हावा, यासाठी त्यांनी केलेले कार्य मात्र काहीसे उपेक्षित राहिले.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे एका संपन्न इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची त्यांना लहानपणापासून आवड होती. घरच्यांचा विरोध पत्करून त्या रुग्णसेवेकडे वळल्या. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुतारी येथे पोहोचल्या. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले होते. मार्चमध्ये आलेल्या आयोगाने गटारे साफ करवली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत ते शेकडा २ च्या आसपास उतरले.

मायदेशी परतल्यावर आकडेवारी हेच त्यांचे शस्त्र ठरले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. रुग्णालयांविषयीच्या त्यांच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनमधील २४ रुग्णालयांचे मृत्यूप्रमाण शेकडा ९० हून अधिक दाखवले होते. वर्षभरातील मृत्यूंना एकाच दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागल्याने हा आकडा आला होता. साहजिकच डॉक्टरांनी त्यावर टीकेची झोड उठवली.

तथापि, रुग्णांचे वय, लिंग आणि आजार यांची नोंद नसेल तर दोन रुग्णालयांची तुलना निरर्थक ठरते, हे त्याच ग्रंथात त्यांनी बजावले होते. आशा सुटलेल्या रुग्णाला घरी पाठवून एखादे रुग्णालय आपला आकडा सुधारू शकते आणि त्याला आश्रय देणारे दुसरे विनाकारण बदनाम होते, हा धोका त्यांनी ओळखला होता. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, ही त्यांची योजना १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे मांडली गेली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील डॉ. मेरी चार्लसन आणि सहकाऱ्यांनी १९ सहव्याधींना १ ते ६ गुण देऊन वर्षभरातील मृत्यूचा धोका वर्तविणारी पद्धत मांडली. साध्या मधुमेहाला १ गुण, शरीरात पसरलेल्या कर्करोगाला ६. रुग्णालयांची तुलना करतानाही आता असे गुणांक वापरले जातात. अत्यवस्थ रुग्णाला दारात घेणाऱ्या रुग्णालयाला त्याची शिक्षा होऊ नये, हा नाइटिंगेल यांचा आग्रहच त्यातून पुढे चालत आला आहे.