अंकांचे सोबती : द. रा. कापरेकर

३५२४ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले, की ५४३२ ही संख्या मिळते आणि चढत्या क्रमाने मांडले, की २३४५. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा केली, की ३०८७ उरतात. हीच कृती ३०८७ वर केली, की ८३५२ येतात आणि ८३५२ वर केली, की ६१७४. आता पुढे कितीही वेळा वजाबाकी करा, उत्तर ६१७४ हेच येत राहील. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण याच मुक्कामी पोहोचतो. मध्ये तीन अंकी उत्तर आले, तर त्याच्याआधी शून्य लिहावे, एवढेच पथ्य.

हे नवल शोधून काढणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे एक शालेय शिक्षक होते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड होती. पत्रिकेतील आकडेमोडीच्या निमित्ताने बाळ दत्तात्रेयांची अंकांशी मैत्री जडली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक म्हणून काम करू लागले. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९६२ पर्यंत, त्यांनी तेथेच अध्यापन केले.

कापरेकरांचे संशोधन आणि अध्यापन हातात हात घालून चालले. अंकांविषयीचे स्वतःचे प्रेम ते विद्यार्थ्यांच्या मनात उतरवीत. त्यांची शिकवण्याची आगळी रीत ऐकण्यासाठी आसपासची महाविद्यालयेही त्यांना बोलावीत. त्यांचे शोध शाळकरी मुलालाही पडताळून पाहता येतात. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५ आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. २१ मध्ये तिचेच अंक मिळवले, की २४ तयार होते. परंतु २० ही संख्या कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून तयार होत नाही. अशा 'स्वयंभू' संख्यांना त्यांनी आपल्या कर्मभूमीचे, देवळालीचे, नाव दिले. डोंबिवली स्थानकाच्या नावावरून त्यांनी 'डेम्लो' संख्यांचे नामकरण केले.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. तथापि त्यांच्याजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. हा अंकांचा खेळ आहे, गणित नव्हे, असे समजून अनेक विद्वानांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. कापरेकरांनी मात्र लेखन थांबवले नाही; प्रसंगी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापल्या. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा त्यांनी गणित व विज्ञानाच्या शिकवण्या करून चरितार्थ चालवला.

अखेर १९७५ मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याची ओळख करून दिली. त्यानंतर हे नाव जगभरच्या गणितप्रेमींच्या परिचयाचे झाले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ६१७४ ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. ज्याला खेळ म्हणून बाजूला सारले गेले, तोच खेळ आता अनेक देशांतील वर्गांत मुले आवडीने खेळतात. त्यांना वजाबाकीचा कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वजाबाकीनंतर पुढे काय येईल, हे कुतूहल जागे असते. आणि मग कोणीतरी विचारतेच, की असे का होते? त्या प्रश्नापासूनच खऱ्या गणिताचा आरंभ होतो.

कागद-पेन्सिल घ्या. आपल्या आवडीची एक संख्या लिहा आणि ६१७४ च्या वाटेवर निघा. कितव्या पायरीवर पोहोचता, ते मोजायला विसरू नका.