विश्लेषण : द्राक्षाचे दोन खोडकिडे वेगळे कसे ओळखायचे? अडीचशे वर्षांपूर्वी उत्तर देणारे फॅब्रिशियस कोण होते?

कराडला लागून असलेल्या मलकापूर परिसरात वळवाचे दोन-चार पाऊस झाले, की रात्री घराच्या दिव्यावर लांब मिशांचे भुंगेरे येऊन आदळू लागतात. इथला पट्टा उसाचा. पण इथून पलूस, तासगाव, मिरजेकडे सरकले की द्राक्षबागा सुरू होतात आणि तिथे याच भुंगेऱ्यांच्या कुळातील किडींना शेतकरी ‘खोडकिडा’ म्हणून ओळखतात. आंब्यावरचा ‘भिरूड’ही याच कुळातला. अडचण अशी, की द्राक्षवेलीचे खोड पोखरणारे भुंगेरे एकाच प्रकारचे नाहीत. त्यातील दोन प्रमुख किडींना पहिल्यांदा शास्त्रीय नाव देऊन वेगवेगळ्या गटांत बसवले ते योहान क्रिश्चियन फॅब्रिशियस या डॅनिश प्राध्यापकाने. तेही १७७५ आणि १७८१ मध्ये, भारतात एकदाही पाऊल न ठेवता.

नेमक्या कोणत्या दोन किडी?

पहिली सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. ही मूळची बाभळीवरील कीड म्हणून वनखात्याला जुनी परिचित. दुसरी स्ट्रोमेशियम बार्बेटम. ही वाळलेल्या लाकडातील कीड म्हणून देशभर माहीत आहे. दोन्ही आता द्राक्षवेलीवर आढळतात. दोन्हींच्या मिशा लांब, दोन्हींच्या अळ्या खोडाच्या आत, आणि दोन्हींमुळे वेल हळूहळू खंगते. त्यामुळे बागेत दोन्हींना एकच नाव पडते आणि उपायही एकच केला जातो. नुकसान होते ते इथे.

फॅब्रिशियस कोण होते?

त्यांचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी ट्योनर या गावी झाला. हे गाव आज डेन्मार्कमध्ये, जर्मनीच्या सीमेजवळ आहे. वडील डॉक्टर होते. १७६२ मध्ये फॅब्रिशियस कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले, पण त्याच वर्षी नातेवाईक आणि मित्र असलेल्या योहान झोएगा यांच्यासोबत त्यांनी स्वीडनमधील उप्साला गाठले. तिथे कार्ल लिनियस शिकवत होते. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे नाव देण्याची, आजही जगभर चालणारी पद्धत रूढ करणारे हेच ते लिनियस. फॅब्रिशियस त्यांच्याकडे दोन वर्षे राहिले.

गुरूंचा मुख्य जीव वनस्पतींत होता. शिष्याने कीटक निवडले आणि पुढे कीटकांच्या बाबतीत गुरूंना बरेच मागे टाकले. लिनियस यांनी सुमारे तीन हजार कीटकांना नावे दिली होती. फॅब्रिशियस यांच्या नावावर जवळपास दहा हजार आहेत.

गुरूंपेक्षा वेगळे काय केले?

लिनियस यांनी कीटकांचे मोठे गट प्रामुख्याने पंखांवरून पाडले. पंख किती, कसे, यावर वर्गवारी. फॅब्रिशियस यांनी पंखांवरून नजर काढून ती तोंडाकडे वळवली. जबडे, जबड्यांजवळचे बारीक स्पर्शक, ओठ यांची रचना त्यांनी वर्गीकरणाचा पाया मानली. त्यामागचा विचार साधा होता. कीटक काय खातो त्यानुसार त्याचे तोंड घडते. ज्यांचे अन्न आणि तोंड सारखे, ते एकमेकांच्या जवळचे. या पद्धतीची एक खूण आजही टिकून आहे. चतुर ज्या गणात मोडतात त्याचे ‘ओडोनाटा’ हे नाव फॅब्रिशियस यांनीच दिलेले आहे आणि ते दातांवरून आले आहे.

१७७५ मध्ये त्यांचा ‘सिस्टेमा एन्टोमोलॉजी’ हा ग्रंथ आला. १७७८ मध्ये ‘फिलॉसॉफिया एन्टोमोलॉजिका’ आला; कीटकशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. १७८१ मध्ये ‘स्पेसीज इन्सेक्टोरम’ आणि १८०१ मध्ये केवळ भुंगेऱ्यांवरचा ‘सिस्टेमा एल्युथेराटोरम’. मधल्या काळात इतर ग्रंथांची भर पडतच होती.

लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचे काय केले?

लिनियस यांनी लांब मिशांचे बहुतेक भुंगेरे ‘सेरॅम्बिक्स’ या एकाच मोठ्या प्रजातीत ठेवले होते. घरातले सगळे कागद एकाच पिशवीत कोंबावेत तसे. फॅब्रिशियस यांनी ती पिशवी रिकामी करून वेगळे कप्पे केले. १७७५ च्या ग्रंथात त्यांनी लॅमिया, सॅपर्डा, कॅलिडियम, ऱ्हॅजियम अशा नव्या प्रजाती मांडल्या.

आपल्या दोन किडी यातल्या दोन वेगळ्या कप्प्यांत गेल्या. १७७५ मध्ये एकीचे नाव झाले कॅलिडियम बार्बेटम, तर १७८१ मध्ये दुसरीचे लॅमिया स्कॅब्रेटर. पुढे या प्रजातींचे आणखी विभाजन झाले आणि आजची स्ट्रोमेशियम व सेलोस्टर्ना ही नावे आली. म्हणूनच कृषी अहवालांत या किडींच्या नावापुढे फॅब्रिशियस हे नाव आणि वर्ष कंसात लिहिलेले असते. कंसाचा अर्थ इतकाच, की प्रजातीचे नाव नंतर बदलले, पण पहिले वर्णन याच माणसाचे.

महत्त्वाची बाब म्हणजे त्यांनी केलेली फाळणी टिकली. आज या कुळात जगभरात ३५ हजारांहून अधिक आणि भारतात सुमारे दीड हजार जाती नोंदलेल्या आहेत. लॅमियावरून ‘लॅमिइनी’ हे या कुळातील सर्वात मोठे उपकुळ ओळखले जाते. सेलोस्टर्ना त्यात आहे. कॅलिडियम आणि स्ट्रोमेशियम ‘सेरॅम्बिसिनी’ या दुसऱ्या उपकुळात आहेत.

भारतातले कीटक त्यांच्यापर्यंत पोहोचले कसे?

त्या काळी तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी डेन्मार्कच्या ताब्यात होती. लिनियस यांचेच शिष्य असलेले डॉक्टर योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ मध्ये तिथे आले आणि १७८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत भारतात आणि आसपासच्या प्रदेशांत वनस्पती, कीटक गोळा करत राहिले. नंतर डालडॉर्फ या संग्राहकानेही तिथून कीटक पाठवले. फॅब्रिशियस यांनी अशा नमुन्यांची वर्णने केली. शिवाय लंडनमध्ये सर जोसेफ बँक्स आणि डॉ. विल्यम हंटर यांच्यासारख्यांचे मोठे खासगी संग्रह होते. फॅब्रिशियस तिथे जाऊन पेट्याच्या पेट्या तपासत.

मग आयुष्य सुखात गेले का?

तसे म्हणता येणार नाही. १७७५ मध्ये ते कील विद्यापीठात निसर्गविज्ञान आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कील तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अखत्यारीत होते. त्यांना निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आणि वनस्पती उद्यान उभारून देण्याचे आश्वासन मिळाले होते. ते पूर्ण झाले नाही. त्यांनी राजीनाम्याचे प्रयत्न केले. विद्यार्थ्यांच्या विनंतीमुळे थांबले. नोकरी अर्थशास्त्राची आणि ओढ कीटकांची, त्यातून मार्ग म्हणजे प्रवास. सुटीत लंडन, पुढे पॅरिस गाठायचे, इतरांचे संग्रह पाहायचे आणि परत येऊन लिहायचे. ज्या माणसाने जगाला दहा हजार कीटकांची नावे दिली, त्याला स्वतःच्या विद्यापीठात साधे संग्रहालय मिळाले नाही. ३ मार्च १८०८ रोजी कील येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी तपासलेले अनेक नमुने मात्र आजही कोपनहेगन, लंडन आणि ग्लासगो येथील संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. एखाद्या नावाबद्दल शंका आली, तर शास्त्रज्ञांना अखेर त्या नमुन्यापाशीच जावे लागते.

त्यांच्या पद्धतीत उणीव नव्हती का?

होती. तोंडाचे भाग इतके बारीक, की त्या काळच्या भिंगांनी ते पाहणे जिकिरीचे होते. केवळ एका अवयवावर वर्गवारी उभी केली, की काही ठिकाणी चुकते. प्रजाती हे निसर्गातले खरे गट आहेत, त्यांच्यावरचे मोठे गट मात्र माणसाने सोयीसाठी केलेले आहेत, असे खुद्द फॅब्रिशियस मानत. पुढे फ्रान्सच्या लात्रेय यांनी अनेक अवयव एकत्र विचारात घेऊन कुळांची रचना केली. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या ‘सेरॅम्बिसिडी’ या कुळाचे नाव त्यांचेच, १८०२ चे.

भारतापुरते मोठे काम १९०६ मध्ये झाले. लंडनच्या संग्रहालयातील चार्ल्स जोसेफ गाहान यांनी ब्रिटिश भारतातील या भुंगेऱ्यांवर खंड लिहिला. त्यात स्ट्रोमेशियम आहे, पण सेलोस्टर्ना नाही, कारण लॅमिइनी उपकुळ त्या खंडात घेतलेच नव्हते.

बागेत दोघांना वेगळे कसे ओळखायचे?

मिशांवरून नाही, त्या दोघांच्याही लांबच. भुंगेरा हातात घेऊन बाजूने पाहावा.

● चेहरा : सेलोस्टर्नाचे कपाळ भिंतीसारखे सरळ खाली उतरते, तोंड जमिनीकडे असते. स्ट्रोमेशियमचा चेहरा तिरका, पुढच्या बाजूला झुकलेला.

● तोंडाजवळचे स्पर्शक : भिंगातून पाहिल्यास लॅमिइनी गटात शेवटचा तुकडा टोकदार, तर सेरॅम्बिसिनी गटात बोथट दिसतो.

● रंग : सेलोस्टर्ना पिवळसर-राखी, अंगावर बारीक काळे ठिपके. स्ट्रोमेशियम तपकिरी ते काळपट.

● अळी : लॅमिइनी अळ्यांना पाय नसतात. सेरॅम्बिसिनी गटातील बहुतेक अळ्यांना अगदी बारीक पाय असतात.

● भुसा : सेलोस्टर्नाची अळी जिवंत खोडात उतरते आणि भुसा छिद्रातून बाहेर टाकते, बुंध्याशी त्याचा ढीग दिसतो. स्ट्रोमेशियमची अळी भुसा बोगद्यातच ठासून ठेवते, त्यामुळे वेल बाहेरून धडधाकट भासते.

या फरकाने उपाय बदलतो का?

बदलतो. सेलोस्टर्नासाठी बुंध्याजवळ ताजा भुसा शोधणे, छिद्रात तार घालून अळी मारणे आणि बांधावरच्या बाभळींवर लक्ष ठेवणे उपयोगी. स्ट्रोमेशियमच्या बाबतीत भुशाची वाट पाहत बसले तर उशीर झालेला असतो. त्याची मादी सैल सालीखाली आणि भेगांत अंडी घालते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी खोड व ओलांड्यांवरील सैल साल काढणे, छाटणीनंतरची वाळकी लाकडे बांधावर रचून न ठेवणे आणि पावसाच्या सुरुवातीला प्रकाश सापळा लावणे हे मुख्य काम. फवारणी करायची झाल्यास कीड ओळखल्यावरच, कृषी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी. निर्यातीच्या द्राक्षात औषधाच्या अंशाचा प्रश्न असतो.

यंदा दिव्यावर किंवा वेलीवर भुंगेरा सापडला तर चिरडण्याआधी त्याचा बाजूने एक फोटो काढावा. चेहरा सरळ की तिरका, एवढे त्यात दिसले तरी तज्ज्ञाला पुढचा सल्ला देणे सोपे जाते.