मदर ॲना डेंगल



आपल्यापैकी कितीतरी जणांचा जन्म सिस्टरांच्या इस्पितळात झाला. पण सिस्टरांना बाळंतपण करण्याची मुभाच नव्हती असाही एक काळ होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तो बदलण्यात मदर ॲना डेंगल यांचा मोठा वाटा आहे.

१६ मार्च १८९२ रोजी ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात, स्टीग गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई वारली. तरुणपणी त्यांच्या कानावर स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांचे कार्य आले. ह्या बाई साठीनंतर कॅथोलिक झालेल्या. रावळपिंडीला बायकामुलांसाठी इस्पितळ उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. तिथल्या पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला दाखवत नसत. अडलेली बाई डॉक्टर जवळ असूनही घरातच प्राण सोडी. ॲना यांनी डॉ. ॲग्नेस यांना पत्र लिहिले. हिंदुस्थानात ब्रिटिश पदवी लागे, म्हणून त्यांना आयर्लंडमध्ये कॉर्कला शिकण्याचा सल्ला मिळाला. डॉ. ॲग्नेस १९१३ साली वारल्या. दोघींची भेट कधीच झाली नाही. १९१९ साली ॲना डॉक्टर झाल्या आणि १९२० मध्ये रावळपिंडीला पोहोचल्या.

एकटी डॉक्टर किती पुरणार? सिस्टर मदतीला होत्या, पण ख्रिस्तसभेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे जाहीर व्रते घेतलेल्या धर्मभगिनींना बाळंतपणाचे काम करता येत नसे. ब्रह्मचर्यव्रताला ते बाधक समजत. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याची किंमत मोजणाऱ्या बाळंतिणी रोमपासून फार दूर होत्या, हेही खरे.

१९२४ साली त्या अमेरिकेला गेल्या. ठिकठिकाणी बोलल्या, पैसा आणि माणसे मागितली. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टनला चौघीजणींनी संस्था सुरू केली: दोन डॉक्टर, दोन नर्स. मेडिकल मिशन सिस्टर्स ती हीच. जाहीर व्रते घेतली तर काम थांबणार, म्हणून त्या व्रतांवाचूनच सिस्टरांसारख्या राहिल्या. थोडीथोडकी नव्हे, दहा वर्षांहून अधिक! त्याच काळात, १९२७ साली, रावळपिंडीला होली फॅमिली हॉस्पिटल सुरू झाले. आज ते पाकिस्तानात सरकारी इस्पितळ म्हणून चालते.

११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी, रोमने बंदी उठवली. एवढेच नव्हे, तर धर्मभगिनींनी प्रसूतिशास्त्र शिकावे, पदव्या घ्याव्यात असेही सुचवले.

पुढे दिल्लीचे होली फॅमिली हॉस्पिटलही ह्याच सिस्टरांनी उभारले. मदर ॲना १७ एप्रिल १९८० रोजी रोममध्ये प्रभूघरी गेल्या. व्हॅटिकनमधील जर्मन दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

आपले धर्मगुरू