अटकेपासून वसईपर्यंत

विरारहून चर्चगेटकडे जाणारी गाडी नायगाव सोडल्यावर वसईच्या खाडीवरील पुलावर येते. गाडीतील नोकरदार त्या पाण्याकडे क्वचितच पाहतात. तथापि १७८२ पासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत ही खाडी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे वसई पेशव्यांची, पलीकडे साष्टी कंपनी सरकारची. ही सीमा ज्याच्या करणीमुळे आखली गेली तो पुरुष परका नव्हता. उत्तरेत लाहोरपर्यंत फौज घेऊन गेलेला तो मराठ्यांचा सेनापती होता, थोरल्या बाजीरावांचा पुत्र होता. रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, यांचे चरित्र वसई-विरारच्या भूमीवरून वाचू लागले की निराळे दिसते.

रघुनाथरावांचा जन्म १७३४ चा. विरारजवळच्या अर्नाळा बेटावरील किल्ला १७३७ मध्ये त्यांच्या वडिलांच्या आज्ञेने उभा राहिला. १७३९ च्या मे महिन्यात चुलते चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा हा मुलगा पाच वर्षांचाही नव्हता. त्या वेढ्यात हजारो मराठे कामी आले होते. पुढच्याच वर्षी वडील आणि चुलते दोघेही गेले. वसई ही त्या घराण्याच्या दृष्टीने केवळ महसुलाची बाब नव्हती. रक्त सांडून मिळवलेला तो वारसा होता.

तलवारीच्या बाबतीत रघुनाथराव या वारशाला उणे पडले नाहीत. १७५३ मध्ये दमाजी गायकवाडांसह त्यांनी अहमदाबाद घेतले. १७५७ मध्ये दिल्लीत मराठ्यांचा शब्द चालू लागला आणि १७५८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या. तेथून मराठी पथके अटकेला पोहोचली. मराठी भाषेत आजही पराक्रमाची परिसीमा सांगण्यासाठी अटकेचे नाव घेतले जाते, ते याच स्वारीमुळे. परंतु या मोहिमेने पैसा आणला नाही, कर्ज आणले. वडीलबंधू नानासाहेब पेशवे नाराज झाले आणि १७६० मध्ये उत्तरेची कामगिरी सदाशिवरावभाऊंकडे गेली. पानिपतावर जे घडले ते सर्वश्रुत आहे.

१७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब निवर्तले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली. येथून दादांच्या मनाचे दोन भाग झाले. राज्य वाढवणारा सेनापती आणि राज्यावर हक्क सांगणारा चुलता एकाच देहात नांदू लागले. १७६२ मध्ये त्यांनी निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चाल केली. घर फुटू नये म्हणून माधवराव आळेगावच्या छावणीत आपण होऊन त्यांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर त्याच निजामाच्या फौजेने दादांना घेरले, तेव्हा त्यांना सोडवण्यास धावला तो हाच पुतण्या. एवढे होऊनही १७६८ मध्ये धोडपच्या पायथ्याशी चुलता-पुतण्या पुन्हा समोरासमोर आले. दादा हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले.

१७७२ मध्ये माधवराव थेऊरला निवर्तले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या केली. पत्रातील एक अक्षर बदलून आनंदीबाईंनी हा खून घडवल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. मात्र ती निर्विवाद सिद्ध झालेली नाही. किंबहुना एका स्त्रीच्या लेखणीवर सारे पाप ढकलले की कटाचा फायदा ज्यांना मिळाला ते आपोआप सुटतात, ही त्या कथेची सोय आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी ती सोय पत्करली नाही. त्यांनी दोष दादांच्या पदरात घातला.

पेशवाईची वस्त्रे दादांना मिळाली, पण टिकली नाहीत. बारभाईंनी नारायणरावांच्या गरोदर पत्नीच्या नावाने कारभार हाती घेतला आणि १७७४ च्या एप्रिलमध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला. परागंदा झालेल्या दादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. अडीच हजार फौजेच्या मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे त्यांनी कबूल केले. चुलत्याने जिंकलेला मुलूख पुतण्याने गादीसाठी लिहून दिला.

इंग्रजांना बोलावण्याची वाट काही त्यांनी प्रथम पाडली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. १७५६ मध्ये नानासाहेबांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांचे विजयदुर्ग येथील आरमार बुडवले, तेव्हाच ते दार उघडले होते. पेशवेपद ही मुळात छत्रपतींनी दिलेली नेमणूक. ती वंशपरंपरेची झाली, परंतु वारस कोण याचा निर्णायक नियम कधी झाला नाही. वडीलधारा चुलता की धन्याचा अल्पवयीन मुलगा, या प्रश्नाचे उत्तर अखेर फौजेनेच द्यायचे होते. अशा राज्यात आपण राज्य विकत नसून आपले घर सोडवत आहोत, असे दादांना वाटले असल्यास नवल नाही. राज्य आणि घर यांतील भेद त्यांना उमगला नाही, ही त्यांच्या निष्ठेची खरी फूट होय.

पुढील सात वर्षांत या फुटीची किंमत चुकती झाली. दादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यास निघालेली इंग्रज फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली आणि दादा महादजी शिंद्यांच्या ताब्यात गेले. तेथून निसटून ते पुन्हा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडार्डने वसई घेतली. तो किल्ला वाचवण्यासाठी धावलेले रामचंद्र गणेश लढाईत पडले. ज्या भूमीवर चिमाजी अप्पांचे सैनिक मेले, तिच्याच आसपास मराठे पुन्हा मेले. या वेळी कारण मात्र घरातले होते.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि दादांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. ज्यांच्यासाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले, त्या इंग्रजांनी मतलब साधताच त्यांचा हात सोडला. डिसेंबर १७८३ मध्ये, तहानंतर दीड वर्षातच, गोदाकाठी कोपरगावास त्यांचा अंत झाला.

कथा येथे संपत नाही. त्यांचे चिरंजीव दुसरे बाजीराव पुढे पेशवे झाले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पराभूत होऊन ते पुण्याहून पळाले आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी इंग्रजांशी तह केला. तो झाला वसईतच. पित्याने वसई देऊ केली होती. पुत्राने वसईत बसून स्वातंत्र्य दिले. सोळा वर्षांत पेशवाई संपली.

राघोबादादांना केवळ खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अटकेच्या अभिमानापोटी त्यांना निर्दोष मानणेही तितकेच सोपे आहे. दोन्ही मार्गांनी शिकण्यासारखे हातातून निसटते. शौर्य आणि निष्ठा हे दोन वेगळे गुण आहेत. पहिला रणांगणावर सिद्ध होतो. दुसऱ्याची कसोटी आपला हक्क डावलला गेला असे वाटते त्या दिवशी लागते. संस्था असो वा राज्य, मला नाही तर कोणालाच नको, असे मनात येणारा माणूस सर्वत्र असतो. त्याच्या तक्रारीला दाद मिळेल असा नियम घरातच नसेल, तर तो दाद मागायला शेजाऱ्याकडे जातो. आणि शेजारी न्याय करून परतत नाही, खाडीपर्यंतची जमीन घेऊन राहतो.