गागोद्याची भावंडे

आळंदीच्या चार भावंडांची कथा वारकऱ्याला नव्याने सांगावी लागत नाही. थोरले निवृत्तिनाथ हेच गुरू, मग ज्ञानदेव, सोपानदेव आणि धाकटी मुक्ताई. ताटी लावून बसलेल्या भावाची समजूत काढायला बहीणच पुढे झाली, हे आपल्या बायाबापड्यांनाही तोंडपाठ आहे. पण भावंडांचे असे नाते त्या काळीच होते आणि पुढे संपले, असे कोणी समजू नये. निडीपासून पेणपर्यंतच्या, रोह्याकडच्या माळकऱ्यांना तर फार लांब जायला नको. त्यांच्याच मुलखात, पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक म्हणून गाव आहे. त्या गावच्या भाव्यांच्या घरची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत.

या घरी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायकाचा जन्म झाला. हेच पुढे आचार्य विनोबा झाले. तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. आता त्याला रायगड म्हणतात. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्यास असत. आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन गागोद्यास सासऱ्यांजवळ राही. पाठोपाठ बाळकृष्ण, शिवाजी आणि दत्तात्रेय हे मुलगे व शांता ही मुलगी झाली. दत्तात्रेय लहानपणीच गेला. आई विनायकाला विन्या म्हणे, आणि म्हातारपणीही त्यांना त्या हाकेची आठवण येई.

आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ. चांद्रायण करीत, म्हणजे चंद्राच्या कलेप्रमाणे घास वाढवायचे आणि कमी करायचे. गणपतीत घरच्या पोरांकडून चंदन उगाळून घेत आणि त्या चंदनाची मूर्ती करीत. पोरांचे हात दुखत, पण देव आपल्या हाताने झाला याचा आनंद केवढा! एकदा पूजेत मूर्तीवर विंचू दिसला. लोक मारायला धावले. आजोबांनी सांगितले की तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावू नका. पूजा शांतपणे पुरी झाली आणि विंचू आपल्या वाटेने गेला. अहिंसेचा पहिला पाठ पोराला मिळाला तो असा, देवघरात.

पण खरी शाळा आईची. ती शिकलेली नव्हती. अक्षरओळख पुढे मुलानेच करून दिली. सकाळी तुळशीला पाणी घातले का, हे विचारल्याशिवाय ती मुलाला खायला देत नसे. घरच्या झाडाचा फणस उतरला की पहिले गरे शेजारीपाजारी जायचे, आणि ते पोहोचवायचे मुलांनी. तोंडाला पाणी सुटलेल्या पोरांना हे जड जाई हो! देतो तो देव आणि राखून ठेवतो तो राक्षस, अशी तिची शिकवण होती. घरी एक आंधळे गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. ते वारले तेव्हा घरात सुतक धरले नाही, म्हणून विनायकाने कारण विचारले. तेव्हा कळले की ते नात्याचे नव्हतेच. इतकी वर्षे आईने हे मुलांना जाणवू दिले नव्हते. सख्खा कोण आणि परका कोण, याचा हिशेब त्या घरात असा होता.

तिने एकदा देवाला तांदळाची लाखोली वाहण्याचा नेम केला. एकेक दाणा मोजून वाही. वडिलांनी सुचवले की एक माप मोजून घ्यावे आणि तेवढ्यावरून लाखाचा हिशेब करावा. व्यवहाराला ते बरोबरच. पण आईचे मन काही तयार होईना. विनायकाने ओळखले की हे गणित नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण आहे. माळ ओढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

दिवाळीला वडील बडोद्याहून येणार म्हणून मुले वाट पाहत. खाऊ आणतील, असे आईने सांगितले होते. पुडके सोडले तर आत मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके! पोर आईकडे पळाले. याहून गोड खाऊ दुसरा कोणता, असे तिचे म्हणणे पडले आणि ते मुलाच्या मनात कायमचे राहिले.

पुढे सारे कुटुंब बडोद्यास गेले. विनायकाच्या डोक्यात वैराग्य शिरले होते. लग्नाच्या पंगतीत जेवायचे नाही, असा नेम त्यांनी केला होता. तेवढ्यात बहिणीचेच लग्न निघाले! आईने रागे भरले नाही. त्यांच्यासाठी वेगळा वरणभात केला. मग सहज विचारले की पक्वान्न नको हे समजते, पण तोच वरणभात पंगतीसाठी शिजला तर त्यात दोष कसला? मुलगा निरुत्तर झाला आणि पंगतीतला वरणभात जेवला. नेम खरा, पण त्याने बहिणीचा मांडव दुखावू नये, हे आईने असे गोडीने शिकवले.

25 मार्च 1916 रोजी परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसलेले विनायक सुरतेला उतरले आणि काशीस गेले. 7 जूनला त्यांची व गांधीजींची भेट झाली. विनोबा हे नाव आश्रमात मामा फडक्यांनी दिले. आमच्या कानांना ते ज्ञानोबा, तुकोबा यांच्या पंक्तीतलेच वाटते.

थोरला गेला आणि धाकट्यांचेही मन घरात रमेना. बाळकोबा आश्रमात आले, शिवाजीरावही त्याच वाटेने निघाले. तिघेही ब्रह्मचारी राहिले. मोठ्याच्या पावलावर पाऊल म्हणतात ते हे. पण कधी धाकटाही पुढे होतो. आश्रमात भंग्याचे पोर रडत रडत जड मैल्याची बादली नेताना बाळकोबांनी पाहिले. ते सरळ त्याच्या मदतीला गेले. कुरकुर झाली, परंतु थोरल्या भावाने त्यांची बाजू घेतली आणि स्वतः त्या कामाला हात लावला.

24 ऑक्टोबर 1918 रोजी इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. विनोबा तिच्याजवळ आले होते. अंत्यविधी भटजींकडून नको, असे त्यांचे म्हणणे. वडीलधाऱ्यांना ते पटले नाही. तेव्हा ते स्मशानात न जाता घरी वेद वाचत बसले. हे कित्येकांना कठोर वाटेल. आम्हांलाही वाचताना गलबलून येते. पण ममता नव्हती असे नव्हे. आईचे एक लुगडे ते आश्रमात घेऊन गेले व उशाला ठेवीत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर तेही त्यांनी साबरमतीत सोडले.

आईला संस्कृत गीता कळत नसे. वामन पंडितांची समश्लोकीही तिला अवघड गेली. मग तूच का करीत नाहीस, असे ती मुलाला म्हणाली होती. ती हयात नव्हती तेव्हा, 7 ऑक्टोबर 1930 ते 6 फेब्रुवारी 1931 या काळात, हे काम झाले. गीता आणि आई मिळून गीताई. या गीताईचा शब्दार्थकोश विनोबांनी शिवाजीरावांच्या साथीने केला. आईच्या इच्छेवर दोन भाऊ मिळून राबले, याहून भाऊपण ते काय!

पुढे भावंडे पांगली. विनोबा पवनारला, बाळकोबा उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात, शिवाजीराव धुळ्यास. 1947 साली वडील धुळ्यास वारले. त्यांची रक्षा नदीत न सोडता मातीत ठेवली आणि वर तुळस लावली.

आता मुख्य गोष्ट. या भावांमध्ये वाटणीवरून तंटा झाला नाही, कारण वाटणी मागायला कोणी आलेच नाही. आपल्याकडे मात्र बापाच्या बाराव्यापर्यंतही लोक थांबत नाहीत. बांधावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो आणि दोघेही आषाढीला वेगवेगळ्या दिंडीत चालतात! ज्याने घरचा वाटा कधी मागितला नाही, त्या विनोबांनी 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी 100 एकर दिली. मग सुमारे 13 वर्षे ते पायी हिंडले. जमीनवाल्याला त्यांचे सांगणे एकच असे: पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा गरिबाला द्या. मिळालेली सगळी जमीन चांगली निघाली नाही, सगळी वाटलीही गेली नाही, हे खरे. तरी परक्याच्या घरी भाऊ होऊन जाणे, ही गागोद्याच्या आंधळ्या काकांची शिकवण होती. 1958 मध्ये पंढरीस ते इतर धर्मांच्या सोबत्यांसह विठ्ठलाच्या पायांशी गेले, तेही याच नात्याने.

15 नोव्हेंबर 1982 रोजी, अन्न व औषध सोडून, पवनारला त्यांनी देह ठेवला.

वाचकहो, ब्रह्मचर्य आणि पदयात्रा आपल्या आवाक्यातली नसेल. पण पहिला गरा शेजाऱ्याला द्यायला काय हरकत आहे? भावाशी बोलणे बंद असेल तर या एकादशीला त्याची ताटी वाजवावी. मुक्ताईने तरी दुसरे काय केले होते?

रामकृष्णहरी.